मेंदू थकलाय, अंग धडधाकट!

मंडळी, जरा डोळ्यांसमोर आणा. रविवार, सकाळचे साडेअकरा. हायवेलगतचं ऑटोमॅटिक वॉशिंग सेंटर. रांगेत सात गाड्या. पहिली गाडी मशीनखाली, नखशिखांत फेसात. आणि मशीन मध्येच थांबतं. ब्रश अधांतरी, पाणी बंद, गाडीवाला घड्याळ बघतोय. मालक धावत जाऊन पॅनेलच्या दारावर एक सणसणीत थापड ठेवून देतात. खर्रर्र... ब्रश फिरायला लागतात. टाळ्या! पुढच्या गाडीला पुन्हा तोच सीन. तिसऱ्या गाडीला थापडही लागू पडत नाही. मग पोरं बादल्या आणि फडकी घेऊन मैदानात उतरतात.

सोमवारी एक एक्स्पर्ट येतो. पॅनेल उघडतो, मान हलवतो आणि ठेवणीतलं वाक्य टाकतो, 'शेठ, कार्ड गेलंय. याचं आता काही मिळत नाही. अख्खं मशीनच बदलून टाका.'

झालं. अख्खं मशीन म्हणजे काही लाखांचा मामला. बँकेचं लोन, महिनाभर शटर खाली, चार पोरांच्या पगाराचं काय, हा प्रश्न वेगळाच. आणि गंमत बघा. लोखंडी सांगाडा ठणठणीत, मोटारी ठणठणीत, पंप ठणठणीत. थकलाय तो फक्त मेंदू. तोही खरंच थकलाय का, हे कुणी तपासलेलंच नाही!

आजचा आपला फंडा हाच. म्हाताऱ्या मशीनवर इलाज कसा करायचा आणि मेंदू बदलायचाच झाला तर तो कसा बदलायचा. तुमचं वॉशिंग सेंटर नाही, मान्य. पण शेवटपर्यंत या. हे दुखणं तुमच्या ऑफिसातही आहे.

आत बसलंय कोण?

आपल्याकडे पेट्रोल पंपांवर आणि सर्व्हिस स्टेशनांत दिसतं ते मशीन बहुतेक गँट्री टाइपचं. म्हणजे गाडी जागेवर उभी आणि कमानीसारखा सांगाडा रुळांवरून पुढे-मागे. दोन उभे ब्रश बाजूंना, एक आडवा ब्रश टपावर. गाडी कुठे सुरू होते, कुठे संपते हे फोटोसेल सांगतो. सांगाडा रुळाच्या टोकाला पोचला हे लिमिट स्विच सांगतो. ब्रश गाडीवर जास्त दाबला गेला की मोटर जास्त करंट ओढते, त्यावरून मशीनला कळतं की आता जरा मागे सरकायचं. पाणी, शॅम्पू आणि व्हॅक्स सोडायला सोलेनॉइड व्हॉल्व्ह.

या सगळ्यांचं ऐकून घेणारा आणि सगळ्यांना हुकूम सोडणारा डबा म्हणजे कंट्रोलर. लोक त्याला 'कार्ड' म्हणतात. काही मशीनमध्ये कंपनीनं स्वतः बनवलेलं कार्ड असतंही. पण बऱ्याच मशीनमध्ये तिथे पीएलसी असतो, म्हणजे कारखान्यांसाठी बनवलेला एक राकट, छोटेखानी कॉम्प्युटर.

या पीएलसीची जन्मकथा झकास आहे. अमेरिकेत मोटारींचं मॉडेल बदललं की कारखान्यातली रिलेंची कपाटंच्या कपाटं उकलून पुन्हा वायरिंग करायला लागायचं. १ जानेवारी १९६८ ला डिक मोर्ली नावाच्या इंजिनीअरनं यावर उतारा म्हणून एका नव्या यंत्राची कल्पना कागदावर उतरवली. वायरी तशाच ठेवा, बदल फक्त प्रोग्राममध्ये करा. त्यातून आलेल्या यंत्राचं नाव मोडिकॉन ०८४, कारण तो त्यांच्या कंपनीचा ८४ वा प्रोजेक्ट होता. तेव्हापासून आजपर्यंत पीएलसीचं काम तेच आहे. इनपुट वाच, प्रोग्राम चालव, आउटपुट दे. आणि हे सेकंदाला कित्येक वेळा, वर्षानुवर्षं, न कुरकुरता.

म्हणूनच लोच्या झाला की पहिला संशय त्याच्यावर घेणं अन्यायाचं आहे. पण घरात काही हरवलं की कामवाल्या बाईंवर आळ आणि मशीन बंद पडलं की कार्डवर आळ, ही आपली जुनी खोड!

तीन प्रश्न, फुकटात

स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी पोरांना तीन प्रश्न विचारा. रोज मशीनसोबत तेच असतात, एक्स्पर्टपेक्षा त्यांना जास्त माहिती असते.

पहिला प्रश्न, मशीन नेहमी एकाच जागी अडकतं का? उत्तर 'हो' असेल, तर बघायची ती केबल. सांगाड्यासोबत पुढे-मागे लोंबकळत जाणारी केबल दिवसातून शेकडो वेळा वाकते. वरून रबर शाबूत दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. सांगाडा ठरावीक जागी आला की तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर होतात आणि सिग्नल गायब. सप्लाय बंद करून, दोन्ही टोकं टर्मिनलमधून सोडवून, मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि दुसऱ्याला केबल हलवायला सांगा. बझर अडखळला की चोर सापडला.

दुसरा प्रश्न, मशीन ठरावीक वेळेनं अडकतं का? सकाळी एकदम फर्स्ट क्लास आणि दुपारी रुसवा? मग बघायची ती पॅनेलमधली उष्णता. पंखा बंद असेल, जाळी फेसानं आणि धुळीनं बुजली असेल. आणि सगळ्यात जास्त भोगलेला असतो तो २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय. त्यातले कपॅसिटर वयानुसार वाळतात. मशीन उभं असताना मीटर २४ दाखवतो आणि चार व्हॉल्व्ह एकदम उघडले की दाणकन खाली येतो. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते मशीन चालू असताना. सीमेन्सच्या एस७-२०० या गाजलेल्या पीएलसीचं डीसी मॉडेल २०.४ ते २८.८ व्होल्टमध्येच नीट चालतं. सप्लाय त्याखाली घसरत असेल, तर कंट्रोलर गोंधळणारच. उपाशीपोटी माणूस तरी धड काम करतो का?

तिसरा प्रश्न, पाण्याशी काही संबंध आहे का? पावसाळ्यात जास्त, किंवा हाय प्रेशरचा फवारा सुरू झाल्यावर? मग जंक्शन बॉक्स उघडा. सील कडक झालेलं असेल, ग्लँड ढिला असेल, आत हिरवट गंजलेली टर्मिनलं असतील. सेन्सरच्या काचेवर व्हॅक्सचा थर असेल. आणि दर वेळी काळ्या गाडीलाच मशीन चुकत असेल, तर ती नजर लागणं नाही. परावर्तित उजेडावर चालणाऱ्या सेन्सरला काळा रंग कमी दिसतो, एवढंच.

आणि ती ऐतिहासिक थापड? थापडेनं मशीन चालू होत असेल तर प्रोग्राम उडालेला नाही, याची ती जवळजवळ पावतीच आहे. प्रोग्रामला थापड लागत नाही, ढिल्या स्क्रूला लागते. सप्लाय बंद करून सगळी टर्मिनलं एकदा कसून घ्या. आणि हो, पॅनेलचा तळही बघा. उंदरानं कुरतडलेली वायर आणि कॉन्टॅक्टरमध्ये चिकटलेली पाल हे दोन घटक कुठल्याच परदेशी मॅन्युअलमध्ये नसतात. आपल्या पॅनेलमध्ये मात्र हमखास सापडतात.

दिव्यांची भाषा

आता पीएलसीकडे वळू. घाबरायचं कारण नाही, तो स्वतःच सगळं सांगत असतो. प्रत्येक इनपुटला एक दिवा, प्रत्येक आउटपुटला एक दिवा.

फोटोसेलसमोर हात धरा. त्याचा इनपुट दिवा बदलला? मग सेन्सर आणि वायर दोन्ही पास. नाही बदलला? दोष पीएलसीच्या बाहेरचा असण्याची शक्यता जास्त. पुढे आउटपुट. दिवा लागला, पण व्हॉल्व्ह उघडला नाही? मग आउटपुटच्या टर्मिनलवर व्होल्टेज येतंय का ते मोजा. येतंय, तर पुढची वायर नाहीतर व्हॉल्व्हची कॉइल. येत नाहीये, तर आधी त्या गटाचा फ्यूज आणि कॉमनचा सप्लाय बघा. तोही ठीक असेल, तर पीएलसीच्या आतला छोटा रिले झिजलाय.

या रिलेचं गणित इंटरेस्टिंग आहे. असे रिले पूर्ण लोडवर साधारण १ लाख वेळा चालतील असे बनवलेले असतात. दिवसाला ४० गाड्या, प्रत्येक गाडीला एक व्हॉल्व्ह ३ वेळा उघडला, तर दिवसाचे १२० झाले, वर्षाचे चाळीस हजारांच्या वर. अडीच वर्षांत लाख! लोड कमी असला तर रिले बराच जास्त टिकतो, पण झिजतोच. म्हणून शहाणा पॅनेलवाला पीएलसी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बाहेरचा एक स्वस्तातला रिले टाकतो. झिजायचं त्यानं, बदलायचं त्याला. तुमच्या पॅनेलमध्ये तो नसेल आणि पीएलसीवर एखादा आउटपुट रिकामा असेल, तर प्रोग्राममध्ये तेवढा एक पत्ता बदलून काम भागतं. एका रिलेसाठी अख्खा मेंदू फेकायचा नसतो, बॉस!

कंट्रोलर खरंच गेलाय असं कधी म्हणायचं? सप्लाय बरोबर असूनही एकही दिवा लागत नाही. किंवा सिस्टिम फॉल्टचा लाल दिवा पुन्हा पुन्हा लागतो. किंवा रनमध्ये टाकला तरी तो स्टॉपमध्ये जाऊन बसतो. किंवा इनपुटवर मीटर २४ व्होल्ट दाखवतो आणि दिवा मात्र ढिम्म. एवढं झालं, तरच मेंदूच्या डॉक्टरला बोलवा.

म्हातारपणाची दोन लक्षणं

वीसेक वर्षांपूर्वीच्या मशीनची अडचण बिघाडापेक्षा वेगळीच असते. एस७-२०० चंच उदाहरण घ्या. एके काळी छोट्या मशीनचा हा लाडका कंट्रोलर. सीमेन्सनं २००९ मध्ये एस७-१२०० आणला आणि पुढे एस७-२०० चं उत्पादन थांबवलं. आता मिळतो तो सेकंडहँड, कुणाच्या तरी भंगारातल्या पॅनेलमधून निघालेला. तो किती वर्षं राबून आलाय, हे विकणाराही सांगू शकत नाही.

दुसरं लक्षण आठवणीचं. एस७-२०० चा प्रोग्राम कायमच्या मेमरीत असतो, पण चालता-चालता बदललेले आकडे बऱ्याचदा सुपर कपॅसिटरच्या भरवशावर असतात. सप्लाय गेला की तो काही दिवस तग धरतो, मग कोरा. मार्च २०२० च्या लॉकडाऊनसारखी महिनोन् महिने मेन स्विच बंद ठेवायची वेळ आली, बॅटरी कार्ट्रिज बसवलेली नसली आणि आकडे कायमच्या मेमरीत टाकलेले नसले, तर शॅम्पू किती सेकंद, व्हॅक्स किती सेकंद, हे सगळं पुसलं जाऊ शकतं. मशीन चालू होतं, पण वेड्यासारखं वागतं. अशा वेळी 'कार्ड गेलं' म्हणून लाखांचं कोटेशन हातात पडतं. खरी गरज असते ती कुणीतरी वहीत लिहून ठेवलेल्या पाच-सात आकड्यांची.

ती वही कुठे असते? कुठेच नसते. तिथेच तर खरी गोम आहे.

मेंदू बदलायचा, पण आठवणींसकट

डबा बदलणं हे सगळ्यात सोपं काम. एस७-२०० मधल्या २२४ मॉडेलला १४ इनपुट आणि १० आउटपुट असतात, एस७-१२०० मधल्या १२१४सी लाही तेवढेच. त्याच रेलवर बसतो, फक्त उंचीला ८० ऐवजी १०० मिलिमीटर आहे, तेवढी जागा बघून घ्या. सप्लाय एसी आहे की डीसी आणि आउटपुट रिलेचे आहेत की ट्रान्झिस्टरचे, हे जुन्यावर वाचून मगच ऑर्डर द्या.

अवघड आहे ते आतलं शहाणपण. जुना प्रोग्राम नव्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उघडत नाही. कन्व्हर्टर आहेत, पण ते अर्धवट पोचवतात, उरलेलं हातानं करावं लागतं. जुना प्रोग्राम वाचायला जुनी केबल, जुनं सॉफ्टवेअर आणि ते चालेल असा जुना लॅपटॉप लागतो. म्हणून तर काही ऑटोमेशनवाले अजूनही एक्सपीचा एखादा लॅपटॉप देवासारखा जपून ठेवतात. त्यात प्रोग्रामला पासवर्ड असेल आणि तो टाकणारा माणूस कंपनी सोडून गेला असेल, तर वाटच लागली. 'पासवर्ड तोडून देतो' म्हणणारे भेटतात. पण त्या भानगडीत चालता प्रोग्रामच पुसला गेला, तर शनिवारी अडखळणारं मशीन रविवारी मुकं होतं. आधी मशीन बनवणाऱ्याकडे किंवा बसवणाऱ्याकडे रीतसर मागा. नाहीच मिळाला, तर प्रोग्राम नव्यानं लिहायचा. आणि त्यासाठी मशीन जिवंत असतानाच ही कामं उरका:

एक, पॅनेलचे फोटो. प्रत्येक टर्मिनल, प्रत्येक वायरचा नंबर वाचता येईल असे. नंबर पुसले असतील तर नवे टॅग लावा.

दोन, यादी. कुठल्या इनपुटवर कोण, कुठल्या आउटपुटवर कोण. सेन्सर एकेक करून झाकायचा, कुठला दिवा बदलला ते लिहायचं. एका दुपारचं काम आहे.

तीन, व्हिडिओ. एका मोबाईलवर मशीन, दुसऱ्यावर पीएलसीचे दिवे. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही व्हिडिओ जुळवता येतील. छोट्या गाडीचा एक वॉश, मोठ्या गाडीचा एक, आणि रिकाम्या मशीनचा एक. ब्रश आधी की पाणी आधी, मध्ये किती सेकंद, हे सगळं त्यात उतरतं.

चार, आकडे. पॅनेलवरच्या स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक सेटिंग, ड्राइव्हचे पॅरामीटर, ओव्हरलोड रिले कितीवर लावलाय ते. वहीत. शक्यतो शाईनं.

पाच, गप्पा. सगळ्यात जुन्या पोराला चहा पाजा आणि विचारा, 'हे मशीन कधी काय नाटक करतं?' एसयूव्हीला मागचा वायपर असेल तर तो आधी बांधतो, हिवाळ्यात पहिल्या गाडीला शॅम्पू उशिरा येतो, असल्या गोष्टी कुठल्याच ड्रॉइंगवर नसतात.

एवढं हातात असेल, तर बरा ऑटोमेशनवाला प्रोग्राम नव्यानं लिहू शकतो. हे हातात नसेल, तर त्यानं लिहिलेलं मशीन तुमच्या ग्राहकांच्या गाड्यांवर शिकेल. कुणाच्या बॉनेटवर शिकेल, सांगता येत नाही.

इथे मजा नाही

दोनतीन गोष्टींत जुगाड अजिबात नको. पाणी, वीज आणि हलणारं लोखंड एकाच खोलीत आहेत, हे विसरू नका. पॅनेलला हात घालण्याआधी मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. ड्राइव्हमध्ये सप्लाय बंद केल्यावरही चार्ज राहतो. किती मिनिटं थांबायचं ते त्याच्यावरच छापलेलं असतं, तेवढं थांबायचं. चालू मशीनवरची मोजमापं करायची ती लायसन्सवाल्या वायरमननंच. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबायलाही हवं. तो सारखा ट्रिप होतोय म्हणून त्याला बायपास करणाऱ्याला पगार नको, नमस्कार द्या.

आणि इमर्जन्सी स्टॉप. ते लाल बटण फक्त पीएलसीच्या इनपुटला जोडून भागत नाही. प्रोग्राम हँग झाला तरी मोटारींचा सप्लाय तुटला पाहिजे, म्हणजे ती लाइन सेफ्टी रिलेमधून स्वतंत्र हवी. नवा कंट्रोलर बसवताना हे सुधारायची संधी आयती मिळते. पहिली चाचणी गाडीशिवाय, दुसरी मोडक्या गाडीवर, आणि प्रत्येक वेळी एक माणूस लाल बटणापाशी.

नव्या मेंदूचा आणखी एक फायदा आहे. जुन्या मशीनमध्ये अडखळणारा व्हॉल्व्ह पाणी वाहू देतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. नव्या कंट्रोलरला फ्लो मीटर जोडला तर गाडीमागे किती लिटर गेलं ते दिसतं, पाणी रिसायकल करणारा पंपही त्यालाच सांभाळता येतो. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आणली आणि ५ हजार रुपये दंड लावला. टँकरवर जगणाऱ्या आपल्या शहरांना ती बातमी परकी वाटायचं कारण नाही. पाण्याचा हिशेब दाखवता येणारं सेंटर अशा वेळी तरण्याची शक्यता जास्त.

आता तुमचं काय?

तर मंडळी, मशीन बदला म्हणणारा एक्स्पर्ट दरवेळी खोटारडा नसतो. कधीकधी खरंच सगळं गंजलेलं असतं आणि नवं घेणंच शहाणपणाचं ठरतं. पण तो निर्णय तीन प्रश्न, एक मल्टिमीटर आणि दिव्यांची भाषा वापरून झाल्यावरचा असावा. भीतीपोटी घेतलेला नसावा. कारण बहुतेक वेळा महाग असतो तो डबा नव्हे. महाग असतं ते त्यातलं, कुणीच लिहून न ठेवलेलं ज्ञान.

आता जरा तुमच्या ऑफिसात डोकावा. महिनाअखेरीचा रिपोर्ट काढणारी ती एक एक्सेल शीट, जिचा मॅक्रो सहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिला आणि नंतर तो कॅनडाला गेला. कोपऱ्यातला तो एक सर्व्हर, ज्याला हात लावायचा नाही असं सगळ्यांना माहीत आहे, पण का ते कुणालाच माहीत नाही. पासवर्ड फक्त अकाउंट्सच्या काकांना ठाऊक, आणि काका मार्चमध्ये रिटायर होतायत. सगळं मस्त चालू आहे. थापड मारली की चालतंय!

चालतंय तोवरच लिहून घ्या. फोटो काढा, यादी करा, आकडे उतरवा. काकांना चहा पाजा. बंद पडल्यावर प्रत्येक जण एक्स्पर्ट असतो आणि प्रत्येकाचं कोटेशन तयार असतं. चालू असताना वही उघडणारा मात्र ऑफिसात एखादाच सापडतो. या आठवड्यात तो एखादा तुम्ही व्हा. काय म्हणता?